नदीकाठची जुनी घरे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात या सदरात नर्मदाकाठच्या महेश्वर आणि मंडलेश्वर येथील जुन्या घरांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इंदूर, देवास, महू आणि खरगोन येथून बरीच पत्रे आली. त्यांतील प्रश्न एकमेकांना लागून असल्यामुळे या वेळी संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे आवश्यक तेथे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे पणजोबा होळकर दरबारात कारकून होते. जुन्या इंदुरातील त्यांचा वाडा आमच्या लहानपणीच विकला गेला आणि त्याचे घरात कोणाला फारसे वाईट वाटल्याचे आठवत नाही. महेश्वरला गेले की मात्र तेथील गल्ल्यांतून पाय निघत नाही. स्वतःचा वाडा गेल्याची खंत नाही आणि दुसऱ्यांच्या वाड्यांची ही ओढ, हा काय प्रकार आहे? सुट्टीच्या दिवसाचा मोहच म्हणायचा का? — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : सुट्टीचा थोडा वाटा त्यात असेलच, पण ओढ खरी आहे आणि तिचे कारण त्या गावाच्या रचनेत सापडते. इंदूरही मुळात नदीकाठचेच गाव. जुनी इंदूर कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या आधाराने वसली, आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आजही कान्हच्या काठावर उभ्या आहेत. परंतु राजवाड्याच्या परिसरातील एखाद्या घरातून माणूस नदीवर जायला म्हणून बाहेर पडला, असे येथे कित्येक पिढ्यांत घडलेले नाही. नदी ही पुलावरून, नाकाला रुमाल लावून ओलांडण्याची गोष्ट झाली. त्यामुळे आपला वाडा विकला गेला तेव्हा तो नदीपासून, बागेपासून आणि ज्या दरबारासाठी तो बांधला गेला त्या दरबारापासूनही आधीच तुटलेला होता. उरली होती ती फक्त जागा, आणि जागा विकताना कोणी फारसे हळहळत नाही.

महेश्वरात घर, गल्ली आणि घाट यांचे नाते अजून शाबूत आहे. अशा एखाद्या घरासमोर उभे राहून ते खालून वर पाहावे. तळाशी काळ्या घडीव दगडाचे जोते, कोठे गुडघ्याएवढे तर कोठे कंबरेएवढे. त्यावर ओसरी, ओसरीला सागवानी खांब आणि प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा, म्हणजे जमिनीची ओल लाकडापर्यंत पोहोचू नये. दिंडी दरवाजा एवढा बुटका की आत शिरणाऱ्याची मान आपोआप लवावी. आत चौक, आणि चौकाभोवती जाड भिंतींच्या खोल्या. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते, आणि निमाडच्या, म्हणजे नर्मदाकाठच्या या सखल प्रदेशाच्या, मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकत असताना, माजघरात पंख्यावाचून दुपार काढता येते. खांबांचे सुरूच्या झाडासारखे निमुळते अंग, त्यांच्यामधील महिरपी आणि दारावरची गणेशपट्टी यांचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु कारागिराने नक्षीला हात घातला तो हे सर्व जुळून आल्यानंतर.

घाटांचीही तीच कथा. वैशाखातली नर्मदा आणि श्रावणातली नर्मदा यांच्या पातळीत कित्येक मीटरांचे अंतर पडते. पायऱ्यांची ती लांबच लांब उतरण छायाचित्रांत फार शोभते हे मान्य, पण ती बांधली गेली ती पाणी कोठेही असले तरी घागर बुडवता यावी म्हणून. वाईला कृष्णेच्या काठी १७६२ साली रास्ते सरदारांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे, ती पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा यासाठी. बांधकामाने नदीला असे उत्तर दिलेले दिसले की पाहणाऱ्याला ते समजते. त्याला त्यातील शास्त्र सांगता आले नाही तरी समजते. आपल्याला जी ओढ वाटते ती बहुतांशी या समजण्याची आहे, असे माझे मत आहे.

आणखी एक निरीक्षण. किल्ल्यावरील अहिल्याबाईंचा वाडा पाहून पुष्कळ लोक हिरमुसतात. १७६७ ते १७९५ या काळात ज्या घरातून होळकरांच्या राज्याचा कारभार चालला, त्याला कौलारू छप्पर, लाकडी खांब आणि साधी बैठकीची ओसरी आहे. काशीविश्वनाथाचे मंदिर १७८० साली पुन्हा उभारणाऱ्या बाईंचे हे घर. दगड आणि पैसा गेला तो चार लोकांच्या वापराच्या घाटांत व देवळांत, आणि राहते घर घरासारखेच राहिले. नदीकाठच्या लहान गावांत आपल्याला जो मोकळेपणा जाणवतो, त्यात या प्रमाणाचा वाटा मोठा आहे. तेथे घाट घरांपेक्षा भव्य आहे आणि तो सर्वांचा आहे.

प्रश्न : इंदूरचे बहुतेक वाडे गेले. मग महेश्वर, मंडलेश्वर यांसारख्या लहान गावांतील इतके कसे टिकले? तेथील लोक आपल्यापेक्षा अधिक जागरूक होते काय? — एक वाचक, देवास

उत्तर : नव्हते, आणि हे सांगण्यात त्यांचा अपमान नाही. घर पाडून नवे बांधायला पैसा लागतो, आणि तो पैसा दुसरीकडे गेला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला क्षिप्रेच्या काठी इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदूरला स्थिरावली. दरबार गेला, तसे त्याच्यामागून सावकार, कारकून आणि कारागीरही गेले. पुढे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपयांचे कर्ज इंग्रज सरकारला देऊन खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणवली. तिने नर्मदा ओलांडली ती महेश्वरच्या पूर्वेला, मोरटक्क्याजवळ. आग्रा-मुंबई रस्त्याने ती ओलांडली पश्चिमेला, खलघाटला. महेश्वर दोहोंच्या मध्ये राहिले. इकडे इंदुरात कापडगिरण्या उभ्या राहिल्या, जमिनीचे भाव चढले आणि वाड्यांच्या जागी आधी चाळी, मग दुकाने आणि मग दुकानांवर दुकाने आली. इंदूरच्या माणसाने वाडा पाडला आणि महेश्वरच्या माणसाने राखला, यात बुद्धीचा फरक नव्हता. मिळकतीचा होता.

याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली पाहिजे. केवळ पैसा नसल्याने घर टिकत नाही, ते पडते. पैसा नसूनही जी घरे उभी राहिली, त्यांतील बरीच घरे कामाची होती. महेश्वरच्या विणकरांच्या वस्तीत माग घरातच असतो. ज्या घरात माग चालतो तेथील कौले दरवर्षी पावसाआधी चाळली जातात, कारण गळके छप्पर म्हणजे मागावरच्या ताण्याचे, उभ्या धाग्यांचे, नुकसान. १९७८ साली विणकरांसाठी रेहवा सोसायटी ही संस्था स्थापन झाल्यावर या हातमागांना पुन्हा उभारी मिळाली, आणि त्याचा लाभ साड्यांबरोबर घरांनाही झाला, ही बाजू सहसा कोणी मांडत नाही. महेश्वरी साडीच्या काठांतील विटेची आणि चटईची नक्षी आपण कौतुकाने दाखवतो. ती नक्षी ज्या छपराखाली विणली जाते त्याचेही कौतुक व्हायला हरकत नाही.

आता पैसा परत येऊ लागला आहे. किल्ल्याच्या एका भागात २००० सालापासून हॉटेल आहे, गावात लहानमोठ्या निवासाच्या सोयी वाढल्या आहेत आणि चित्रीकरणे होतात. दारिद्र्याने जे राखले ते समृद्धी राखील काय, याबद्दल मी निश्चिंत नाही.

प्रश्न : मंडलेश्वरला आमचा सामाईक वाडा आहे. आम्ही इंदुरात असतो, चुलतभाऊ तेथे राहतात. खालच्या भिंतींना कंबरेपर्यंत ओल चढते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. गवंड्याने सिमेंटचा पक्का गिलावा करून त्यावर टाइल्स बसवण्यास सांगितले आहे. खर्चही आवाक्यात आहे. करावे का? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : करू नये. गवंडी आपल्याला फसवत नाही; नव्या घराचा नियम तो जुन्या घराला लावतो आहे, इतकेच.

जुनी भिंत विटांची, दगडांची किंवा पांढऱ्या मातीची असते आणि तिच्या सांध्यांतील दर्ज व वरचा गिलावा चुन्याचा असतो. अशी भिंत जमिनीतील ओल शोषते आणि उन्हा-वाऱ्यात पुन्हा सोडून देते. चुना सच्छिद्र असल्यामुळे ही ये-जा वर्षानुवर्षे चालते आणि भिंतीला काही होत नाही. सिमेंटचा गिलावा ही वाट बंद करतो. ओल आत येतच राहते, बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती अधिक वर चढते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या पाठीशी साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते फुगून विटेचा पृष्ठभाग भुकटीसारखा पाडतात. यालाच आपल्याकडे लोणा लागणे म्हणतात. टाइल्स लावल्या की दोन-चार वर्षे सारे झाकलेले राहते. मग एके दिवशी टाइल विटेचा पापुद्रा घेऊनच खाली येते.

मग करावे काय? पहिल्याने ओल कोठून येते हे शोधावे, आणि त्यासाठी घरात नव्हे, गल्लीत उभे राहावे. बहुतेक जुन्या गावांत रस्त्यावर काँक्रीटचे थरांवर थर चढत गेले आहेत आणि ज्या जोत्याला पूर्वी तीन पायऱ्या होत्या त्याला आता एकच उरली आहे. पावसाचे पाणी पूर्वी घरापासून दूर जात असे, ते आता भिंतीच्या पायाशी थांबते. तसे असेल तर भिंतीलगत उथळ गटार काढून पाण्याला उतार द्यावा. नगर परिषदेकडे रस्त्याच्या पातळीबद्दल लेखी अर्ज करावा. शेजारच्या चार घरांनी मिळून केला तर त्याची दखल घेतली जाण्याचा संभव अधिक. छपराच्या पागोळ्या कोठे पडतात, न्हाणीघराचे पाणी कोठे मुरते आणि कोणी हौसेने भिंतीला चिकटून फुलझाडांचा वाफा केला आहे काय, हेही पाहावे. या तीन ठिकाणी निम्म्या वाड्यांची ओल सापडते.

त्यानंतर जेथे सिमेंट आधीच लागले असेल, तेथून ते ओलीच्या रेषेच्या थोडे वरपर्यंत छिन्नीने हलक्या हाताने काढावे. विटेला इजा होऊ देऊ नये, मोठा हातोडा मुळीच वापरू नये. भिंत उघडी ठेवून एक पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा सुकू द्यावी. वर आलेले क्षार कोरड्या कुंच्याने झाडून टाकावेत. ते धुऊ नयेत, धुतले की पुन्हा आत जातात. मग चांगला विरवलेला चुना, वाळू आणि सुरखी (विटेची पूड) यांचा गिलावा पातळ थरांत करावा आणि प्रत्येक थर सावकाश सुकेल अशी काळजी घ्यावी. जुने लोक त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर असे पदार्थ घालत. ते उपयोगी आहेत, पण चुना नीट विरला नसेल तर कोणताही गूळ त्याला वाचवू शकत नाही. शेवटी रंग द्यायचा तो चुन्याचाच. प्लॅस्टिक रंग म्हणजे सिमेंटचाच धाकटा भाऊ.

चुन्याचे काम करणारा गवंडी मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. तरीही किल्ल्यावर किंवा घाटावर जेथे दुरुस्ती चालू असते, तेथील कारागिरांकडे चौकशी केल्यास एखादा वयस्क माणूस सापडतो. आपल्या गवंड्याला त्याच्या हाताखाली आठ दिवस राहू द्यावे. तोही शिकेल.

आपण विचारले नाही, पण दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. भिंतीच्या आधी छप्पर पाहावे. फुटलेल्या एका कौलातून येणारे पाणी तुळईच्या टोकाशी, जेथे ती भिंतीत शिरते, तेथे मुरते आणि वाळवी पहिल्याने तेथेच लागते. दुसरे म्हणजे वीज. जुन्या वाड्यात खांबांना खिळे मारून ओढलेल्या तारा हा ओलीपेक्षा मोठा धोका आहे. लाकूडकाम पेटले म्हणजे काय होते हे इंदूरकरांना राजवाड्याने शिकवले आहे: त्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, त्याने तीन वेळा आग सोसली, शेवटची १९८४ मध्ये. गिलाव्यासाठी काढलेल्या पैशांतून आधी तारा बदलाव्यात आणि मेन स्विचजवळ चांगले एमसीबी, म्हणजे भार वाढताच वीज आपोआप तोडणारे स्विच, बसवावेत.

सामाईक मालकीबद्दल एवढेच सांगतो की, खर्चाचा हिशेब आणि संमती कागदावर असावी. वाड्यांना लोणा लागून जितके खाल्ले गेले, तितकेच हिस्सेदारांच्या अबोल्यानेही खाल्ले आहे.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या व्हरांड्यासाठी आम्ही निमाडमधील एका पाडलेल्या वाड्याचे चार नक्षीदार खांब विकत घेण्याचे ठरवले आहे. त्यांची निगा कशी राखावी? — एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : निगा राखण्याआधी दोन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत: हे खांब कोणत्या गावच्या कोणत्या घरातील आहेत, आणि ते घर पडले म्हणून खांब निघाले, की खांब विकायचे म्हणून घर पाडले? दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही तर व्यवहार सोडून द्यावा. लहान गावातील मोडकळीला आलेल्या घराच्या मालकाला दुरुस्तीसाठी कोणी उसने देत नाही, पण दारे, खांब आणि महिरपी यांचे रोख पैसे देणारा मनुष्य दारात येऊन उभा राहतो. आतून आधार काढून घेतलेले घर पुढचा पावसाळा पाहत नाही. आपल्या व्हरांड्याची शोभा त्या साखळीचे शेवटचे टोक आहे, हे कटू वाटले तरी लिहिणे भाग आहे.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात, आणि इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही त्या व्याख्येत येते. पुरावस्तूंची खरेदी-विक्री करणाऱ्याला परवाना लागतो. म्हणून वयाचा आणि मूळ ठिकाणाचा लेखी तपशील नसलेला खांब स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

घर खरोखरच पडलेले असेल आणि कागद स्वच्छ असतील तर खांब घ्यावेत. त्यांना तळखड्यावरच उभे करावे, थेट फरशीत गाडू नये. पॉलिश मारून चकचकीत करण्याऐवजी जवसाचे तेल पातळ हाताने चोळावे. आणि खांबाच्या मागच्या बाजूला गावाचे नाव लिहून ठेवावे.

प्रश्न : या वाड्यांचे गोडवे वाचताना मला अस्वस्थ वाटते. माजघराच्या अंधारात ज्या बायकांचे आयुष्य गेले आणि ज्यांना पुढच्या दाराने आत येण्याची मुभाच नव्हती, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. आपल्याला ही घरे आवडतात म्हणजे ती व्यवस्थाही आवडते, असा अर्थ होत नाही काय? — एक वाचिका, महू

उत्तर : आपल्या पत्राने या सदराचे मोठे काम केले आहे. मी वर माजघराच्या गारव्याचे कौतुक केले. तोच गारवा म्हणजे उजेडाचा अभाव होता, हे तेथेच लिहायला हवे होते असे आपण म्हणाल, आणि ते योग्यच होईल. माजघरात चुलीचा धूर, बाळंतिणीची बिनखिडकीची खोली आणि परसातील विहिरीपर्यंतच्या दिवसभराच्या खेपा होत्या. काही घरांत विधवा सुनेचा कोपराही ठरलेला असे. ओसरीवर बसण्याचा अधिकार कोणाला, चौकापर्यंत कोणी यायचे, आणि परसदारानेच कोणी यायचे, हे घराच्या आराखड्यातच गोठवलेले होते. घाट सर्वांचा, असे मी म्हटले. तो बांधून घेणाऱ्यांच्या मनात सर्व म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच.

तथापि, घर आवडणे आणि व्यवस्था आवडणे या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो. बेलदार, पाथरवट, सुतार आणि चुन्याची घाणी फिरवणारे मजूर यांच्या हातांचा पुरावा म्हणून आज या भिंतींखेरीज फारसे काही उरलेले नाही. दरबाराच्या दप्तरात मालकांची नावे आहेत. खांबाला सुरूचा आकार देणाऱ्याचे नाव बहुधा कोठेही नाही. वाडा पाडला तर मालकाची स्मृती कागदावर राहते आणि कारागिराची पुसली जाते.

यासाठी एक सूचना करावीशी वाटते. जे लोक आपले वाडे पाहुण्यांसाठी उघडत आहेत, त्यांनी दिवाणखाना आणि महिरपी दाखवून थांबू नये. परसदार, धुण्याचा दगड, बळद (धान्याचे कोठार) आणि बाळंतिणीची खोलीही दाखवावी, आणि तेथे कोण काय काम करीत असे हे सांगावे. पाहुण्याला ते अप्रिय वाटणार नाही. उलट, माझा अनुभव असा की तो याच खोल्यांत अधिक वेळ थांबतो. महेश्वरच्या बाबतीत तर एवढेही आठवावे की, या गावाचे नाव ज्यांच्यामुळे देशभर झाले त्या अहिल्याबाई एका धनगर घरातून आलेल्या विधवा स्त्री होत्या, आणि त्या माजघरात बसून राहिल्या नाहीत.

प्रश्न : धरणांमुळे नर्मदाकाठची कित्येक जुनी गावे पाण्याखाली गेली. त्यांच्या घरांचे काही जतन करता आले असते काय? — एक वाचक, खरगोन

उत्तर : घरांचे थोडे, गावांचे नाही. इंदिरासागर धरणासाठी २००४ साली खंडवा जिल्ह्यातील हरसूद रिकामे झाले, तेव्हा लोकांनी आपापली घरे स्वतःच्या हातांनी उतरवली. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि निसरपूर, चिखलदा यांसारख्या गावांत पाणी शिरले. बुडणाऱ्या देवळांचे दगड क्रमांक घालून दुसरीकडे पुन्हा उभारता येतात. राहत्या घराचा दरवाजाही नव्या वसाहतीत नेऊन बसवता येतो. परंतु नदीकडे उतरणाऱ्या गल्लीला सपाट माळावर आखलेल्या प्लॉटांत अर्थ राहत नाही. मी पहिल्या उत्तरात ज्याला घर, गल्ली आणि घाट यांचे नाते म्हटले, ते उचलून नेता येत नाही.

जे करता आले असते आणि आजही उरलेल्या गावांत करता येईल, ते म्हणजे मोजमापे. प्रत्येक जुन्या घराचा आराखडा, छायाचित्रे, छपराचा प्रकार, लाकडाची जात आणि घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे यांची नोंद करायला फार पैसा लागत नाही. वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी एका सत्रात एक गाव पुरे करू शकतात. इंदूरला तर याची नैतिक जबाबदारीही आहे, कारण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हे शहर मंडलेश्वरजवळच्या जलूदहून आलेले नर्मदेचे पाणी पिते.

प्रश्न : दोन दिवसांत कुटुंबासह महेश्वर परिसरातील जुनी घरे पाहायची आहेत. कोठे आणि कसे जावे? — एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : जाताना महूवरून जाम घाटाने उतरावे. घाटमाथ्यावर १७९१ सालचा जाम दरवाजा आहे, आणि माळव्याचे पठार संपून निमाड कोठे सुरू होते ते तेथून एका नजरेत कळते. खाली उतरले की आधी मंडलेश्वर लागते. पुष्कळ प्रवासी ते ओलांडून पुढे जातात, ते करू नये. येथे मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे, गर्दी नाही आणि घाट निवांत आहे. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेले लोकही येथे भेटतात.

महेश्वर तेथून आठ-नऊ किलोमीटर. दुपारी उन्हात किल्ला चढण्यापेक्षा सकाळी सातच्या आत घाटावर असावे आणि उन्हे वर आल्यावर गल्ल्यांत शिरावे. घाटावरून नावेने बाणेश्वराच्या बेटावरील देवळापर्यंत जाता येते. नदीतून पाहिले म्हणजे किल्ला, छत्र्या आणि त्यांच्या मागची कौले एकावर एक कशी रचली आहेत ते नीट दिसते. खाली सहस्रधारेला खडकांमुळे प्रवाह अनेक धारांत फुटतो. तेथे पाण्यात उतरू नये, मुलांना तर मुळीच उतरू देऊ नये.

लोकांची घरे ही प्रदर्शने नव्हेत. ओसरीवर कोणी बसलेले असेल तर आधी नमस्कार करावा, मग घराविषयी विचारावे, आणि आत बोलावले तरच कॅमेरा काढावा. विणकरांच्या घरी गेल्यास काही घेतलेच पाहिजे असे नाही, पण माग थांबवून माहिती विचारली तर त्याच्या वेळेचे मोल द्यावे. मुक्काम शक्यतो गावातील एखाद्या जुन्या घरात करावा, म्हणजे त्याच्या कौलांना हातभार लागतो. पावसाळ्यात जाम घाटात दाट धुके असते, म्हणून परत येताना धामनोद-मानपूरचा महामार्ग धरावा.